एकाच डबीतले कुंकू, एकाच कपाळावर चट्टा

घरात कुंकवाची डबी एकच असते. सासूबाई, दोन सुना आणि माहेरपणाला आलेली लेक अशा चौघी तिच्यातूनच कुंकू लावतात आणि चट्टा उठतो तो मात्र धाकट्या सुनेच्या कपाळावर. मग घरात तर्क सुरू होतो. कुंकू वाईट असते तर चौघींनाही बाधले असते. तिघींना काही झाले नाही, अर्थात कुंकू निर्दोष. दोष असलाच तर तो हिच्या अंगात, आणि अंगात म्हणजे हिच्या माहेरच्या रक्तात. व्यापारी घरांतील माणसे हिशोबाला पक्की असतात, त्यामुळे हा तर्क त्यांना चटकन पटतो. पण हा हिशोब अर्धाच मांडलेला आहे. उरलेली अर्धी खतावणी वैद्यकशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत बऱ्याच तपशिलाने लिहून ठेवली आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. बँकेच्या नोकरीत आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर, घरातील एका व्यक्तीच्या त्वचेच्या तक्रारीमुळे, या विषयावरील वाचन घडत गेले. उपचार ठरवणे हे त्वचारोगतज्ज्ञाचे काम आहे. एकाला चट्टा का उठतो आणि दुसऱ्याला का नाही, हे समजून घेणे मात्र कुटुंबाचेही काम आहे. कारण त्यावरूनच घरात त्या माणसाशी कसे वागले जाते ते ठरते.

अंगावर पित्त उठते ते वेगळे. ते काही मिनिटांत उठते आणि काही तासांत विरते. आपण ज्याविषयी बोलत आहोत तो स्पर्शाने होणारा इसब. एखाद्या पदार्थाचा अतिसूक्ष्म रेणू त्वचेत शिरतो, तेथील प्रथिनाला चिकटतो आणि त्वचेतील पहारेकरी पेशी त्याला उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तेथे रक्तातील टी-पेशी त्याची ‘परका’ म्हणून नोंद करतात. पहिल्या वेळी ही नोंद पुरी व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि तेवढ्यात वरून काहीच दिसत नाही. पुढे तोच पदार्थ पुन्हा लागला की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक फोड आणि मग खपली. कोणाची नोंद पहिल्याच स्पर्शात होते, कोणाची वीस वर्षांनी. त्यामुळे ‘इतकी वर्षे हेच कुंकू लावत होते, आताच कसे बाधले?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो कुंकवाच्या बाजूचा पुरावा ठरत नाही.

आता कोणाची नोंद होते आणि कोणाची नाही, हा खरा प्रश्न. आपल्याकडे त्याची सुरुवात बिब्ब्यापासून करणे योग्य. बिब्बा किराण्याच्या दुकानात आजही मिळतो आणि त्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. त्याच्या टरफलातील काळे तेल अंगाला लागले की ‘बिब्बा उतला’ असे आपण म्हणतो. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी हेच तेल वापरीत, कारण ते धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमक्या परिटाच्या खुणेखाली चट्टे उठू लागले, आणि १९४३ मध्ये त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. काजूच्या टरफलाचे तेल आणि आंब्याचा चीक ही याच कुळातील भावंडे आहेत. चंदगड भागातील काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पाहिलेल्यांना ते सांगायला नको. असा पदार्थ जबरदस्त असतो. पुरेसा लागला तर बहुतेकांना तो बाधतोच, आणि म्हणून बिब्बा उतलेल्या माणसाच्या खानदानाची चौकशी कोणी करीत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला सौम्य पदार्थ आहेत. कुंकवातील रंग, सुगंधी द्रव्ये, क्रीम टिकावे म्हणून घातलेली पॅराबेन, मलमांचा पाया असलेली लोकरीची चरबी, डोळ्यांच्या काही थेंबांत असणारे थायोमर्सल हे त्यांतले काही. या दोन टोकांमधील अंतर मोजण्याची एक रीत अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६६ मध्ये मांडली. २५ माणसांच्या त्वचेला एखाद्या पदार्थाची सवय मुद्दाम लावायची आणि किती जणांना तो बाधतो ते मोजायचे. २१ ते २५ जणांना बाधला तर तो पाचव्या, म्हणजे अतितीव्र श्रेणीचा. फार तर दोघांना बाधला तर पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीचा. ही पाहणी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. पुढे त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर श्रेणीतील शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. सौम्य पदार्थ २५ जणांना लावला तर २३ किंवा अधिक जण सुखरूप राहतात. मग जे एक-दोघे सापडतात ते कोण?

आपल्या शिरोळ तालुक्यातील वाचकांना एक उपमा पटेल. २०१९ च्या महापुरात कुरुंदवाड-नृसिंहवाडीच्या सखल भागात पाणी शिरले ते कोणाच्या घराचे छप्पर कसे आहे हे पाहून शिरले नाही. पक्के घर, कच्चे घर, सगळी सारखीच बुडाली. आषाढातील झिमझिमीत मात्र ज्याचे एखादे कौल फुटले आहे त्याच्याच घरात गळते. बिब्बा हा पूर आहे आणि कुंकू ही झिमझिम. पुरात घराची प्रत कळत नाही, झिमझिमीत कळते. पदार्थ जितका सौम्य, तितका माणसाच्या जन्मजात घडणीचा वाटा अधिक उठून दिसतो.

हे केवळ उपमेवर सोडलेले नाही. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांचे सहकारी मेरिल चेस यांनी १९४१ मध्ये गिनीपिगांवर दाखवले, की काही वंशांतील पिल्लांना एखादे रसायन सहज बाधते आणि काही वंशांतील पिल्लांना फार कष्टाने. आणि निवडक जोड्या लावल्या तर हा गुण पिढ्यानपिढ्या टिकतो. यापुढचे काम लंडनमध्ये १९६८ च्या सुमारास झाले आणि ते आपल्या मुद्द्याला अधिक जवळचे आहे. तेथे शुद्ध वंशाच्या दोन जाती होत्या, क्रमांक २ आणि क्रमांक १३. डायनायट्रोक्लोरोबेंझीन हे अतितीव्र रसायन दोन्ही जातींना सारखेच बाधले. पण धातूंचे क्षार लावताच चित्र पालटले. क्रोमियमचा आणि बेरिलियमचा क्षार क्रमांक २ ला बाधला, १३ ला नाही. पाऱ्याचा क्षार नेमका उलट, १३ ला बाधला आणि २ ला नाही. म्हणजे ‘ही जात नाजूक, ती जात टणक’ असाही निवाडा देता येत नाही. एकीचे वावडे एक, दुसरीचे दुसरे.

मुक्या जीवांवरील हे प्रयोग वाचताना आपल्या वाचकांना क्लेश होणे साहजिक आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली, आणि पदार्थ किती बाधेल हे काचनळीत प्रथिनांशी त्याची गाठ घालून अजमावण्याच्या पद्धती आता आंतरराष्ट्रीय मान्यता पावल्या आहेत, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

माणसांविषयी बोलायचे तर, इंग्लंडमधील डॉ. फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्याच तीव्र रसायनाच्या चढत्या मात्रा निरनिराळ्या लोकांना लावून पाहिल्या. सर्वांत मोठ्या मात्रेला एकूण एक माणसे बळी पडली, सर्वांत लहान मात्रेला अगदी थोडी. मग त्यांनी ज्यांना आधीपासून अनेक पदार्थांचे वावडे आहे अशांना बोलावले, तेव्हा ती माणसे लहान मात्रेलाही सहज बळी पडू लागली. ज्याचा उंबरठाच ठेंगणा आहे, त्याच्या घरात थोडे पाणीही शिरते. हा उंबरठा घराण्यातून येतो का, याचाही शोध झाला. १९६७ मध्ये अमेरिकेत कुटुंबेच्या कुटुंबे तपासली गेली आणि आई-वडील दोघेही संवेदनशील असतील तेथे मुलांतही तेच प्रमाण अधिक आढळले. वारसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण वारशात नेमके काय मिळते, हे समजून घेतले नाही तर पुढचा सगळा घोटाळा होतो. ‘कुंकवाचे वावडे’ असा कोणताही एक जनुक आईकडून लेकीला मिळत नाही. मिळतात त्या लहानसहान गोष्टी. रसायनांचा निचरा करणारी काही विकरे शरीरात असतात. त्यांपैकी दोन विकरांचे जनुक ज्यांच्यात जन्मतःच गळलेले असतात, अशी माणसे थायोमर्सलचे वावडे असणाऱ्यांत जास्त आढळली, असे जर्मन संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. काहींच्या शरीरात दाह वाढवणारा एक द्रव जरा मोकळ्या हाताने स्रवतो. काहींची त्वचाच पातळ गिलाव्याची असते. त्वचेच्या वरच्या थराला घट्टपणा देणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील बिघाड आणि कोरड्या त्वचेचे आजार यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी शोधून काढला. हे प्रथिन कमी असलेल्यांच्या तळहातावर रेषांचे जाळे नेहमीपेक्षा दाट असते. हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांना जे दिसत नाही ते त्वचारोगतज्ज्ञाला तळहातावर दिसते, एवढाच याचा अर्थ. रेषा दाट दिसल्या म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

अशा दहा-वीस बारीक गोष्टींची बेरीज म्हणजे माणसाचा उंबरठा. प्रत्येक गोष्ट बापाकडून आली की आईकडून, हे वेगळे सांगता येत नाही, आणि एकाच आई-बापांच्या दोन मुलांतही बेरीज निराळी येते. सुनेच्या चट्ट्याचा ठपका तिच्या माहेरावर ठेवणाऱ्या सासरच्या माणसांनी आपल्या मुलाची बेरीज कधी काढलेली नसते. ती न काढताच खाते बंद केले जाते.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो माहीत असलेला बरा, कारण त्यात जिवाला धोका असतो. फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपिन हे औषध काही थोड्या लोकांच्या अंगाची सालटी काढणारी भयंकर प्रतिक्रिया घडवते. २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी असे ४४ रुग्ण तपासले. त्या ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५०२ हा एकच जनुक-प्रकार सापडला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करण्याचा सल्ला दिला. तेथे एक जनुक, एक औषध, एक परिणाम असा सरळ व्यवहार आहे. ज्यांच्या घरात हे औषध सुरू होणार असेल त्यांनी डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे. कुंकू, टिकली, खोटे दागिने यांचा व्यवहार इतका सरळ कधीच नसतो.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत मोठा धडा पुण्याने घेतला. १९५० च्या दशकात पुण्याच्या माळरानांवर एक नवेच पांढऱ्या फुलांचे गवत दिसू लागले. अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे लोक मानीत, आणि म्हणून त्याला काँग्रेस गवत हे नाव पडले. गाजरासारख्या पानांमुळे गाजर गवत हे दुसरे. काही वर्षांतच दवाखान्यांत एक विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागले. चेहरा, मान, पापण्या आणि कोपराची खाच जाड, काळवंडलेली आणि सतत खाजणारी. त्यांत उघड्यावर काम करणारे प्रौढ पुरुष अधिक. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला आणि गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्यामागे असल्याचे जगापुढे आले. गवत वाळले की त्याची भुकटी हवेतून अंगावर येते, त्यामुळे त्याला हात लावावा लागतोच असे नाही.

त्या रुग्णांच्या शेजाऱ्यांना काय झाले? बहुतेकांना काहीच नाही. तेच रस्ते, तीच हवा, तेच गवत. पार्थेनिन हा काही सौम्य पदार्थ नव्हे, पण हवेतून त्याची मात्रा कणाकणाने येते, आणि मात्रा लहान झाली की तीव्र पदार्थही झिमझिमीसारखा वागू लागतो. मग ज्याचा उंबरठा ठेंगणा त्याच्याच घरात पाणी. काहींना शेती सोडावी लागली, काही पावसाळ्याचे महिने दूर नातेवाइकांकडे काढू लागले. पुण्यात त्या काळी कोणी या रुग्णांच्या कुळाची चौकशी केली नाही. गवत उपटण्याच्या मोहिमा निघाल्या. कुंकवाच्या बाबतीत मात्र आपण गवत सोडून कुळच शोधत बसतो.

कुंकवाची गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीला चुना, टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन करीत. अल्कलीमुळे हळदीचा पिवळा रंग लाल होतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. बाजारातील भडक लाल कुंकवात बहुतेक वेळा कृत्रिम ॲझो रंग, सुगंध आणि भरीची पूड असते. सिंगापूरमधील भारतीय स्त्रियांच्या कपाळावरील काळपट डागांचा अभ्यास करून तेथील डॉक्टरांनी १९८६ मध्ये असे रंग कुंकवातून शोधून काढले. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील डॉक्टरांनी २००७ मध्ये कुंकवाच्या इसबाच्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रकारात पुष्कळदा खाज थोडी आणि काळेपणा फार असतो, त्यामुळे हा ‘वांग’ आहे असे समजून वर्षानुवर्षे गोरे होण्याची मलमे चोळली जातात. त्या मलमांतही सुगंध आणि पॅराबेन असतेच. देवपूजेच्या केशर-चंदनाच्या गंधाचेही हेच. शुद्ध चंदन क्वचितच बाधते, पण आज ‘चंदन’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे गंध हे सुगंध घातलेली पूड असते.

टिकलीची कथा याहून दुःखद आहे. टिकलीमागच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे रसायन असू शकते. ते काही थोड्या स्त्रियांच्या त्वचेतील रंग बनवणाऱ्या पेशीच मारते. अलाहाबादचे डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे सिद्ध केले. परिणाम असा, की टिकलीच्या जागी टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. तो डाग पाहून घरातील प्रत्येकाच्या मनात एकच शब्द येतो: कोड. पुढे काय होते ते या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ठरत आलेली सोयरीक मोडते, धाकट्या बहिणीच्या स्थळांनाही नकार येऊ लागतात, आणि मुलीची आई डागावर गंध लावून तिला समारंभात पाठवते. वास्तविक वेळीच टिकली बंद केली तर पुष्कळ डाग सावकाश भरून येतात. काही येत नाहीत, आणि काही जणींमध्ये डाग टिकलीच्या जागेबाहेरही पसरतो; म्हणून तज्ज्ञाला दाखवणे आवश्यक. शिवाय खरे कोड असले तरी ते संसर्गजन्य नाही. याच मासिकाच्या वधू-वर पृष्ठांवर ‘निरोगी, निर्दोष’ असे शब्द सर्रास छापले जातात. त्या ‘निर्दोष’ शब्दाखाली किती टिकल्यांचे डाग झाकले गेले असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुकानात हाच प्रश्न मुलाच्या रूपाने उभा राहतो. तीन भावांपैकी एकाच्या हातांना भेगा पडतात आणि बाकी दोघे म्हणतात, याला कामच करायचे नाही. सिमेंटच्या दुकानात असेल तर क्रोमियम, हार्डवेअरमध्ये निकेल आणि रबर, मसाल्याच्या घाऊक पेढीवर मिरची-दालचिनीची धूळ. (लसूण सोलणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना होणारा इसब वैद्यकीय पुस्तकांत प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरे त्यातून आपोआप सुटली आहेत!) आमच्या शाखेत एक रोखपाल होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कायम फाटलेली असत. त्या काळी रुपयाची नाणी तांबे-निकेलची होती, त्यामुळे सर्वांनी नाण्यांना दोष दिला, आणि इतर रोखपालांना तीच नाणी मोजून काही होत नाही म्हणून त्यांच्याविषयी कुजबुजही चाले. शेवटी मिरजेला त्यांची तपासणी झाली तेव्हा निकेल निर्दोष ठरले. बाधत होती ती नोटा मोजताना बोटात घालायची रबरी टोपी. रबर घट्ट करण्यासाठी वापरलेले एक रसायन. टोपी काढून ओला स्पंज दिला आणि दोन महिन्यांत बोटे भरून आली. त्यांचा अनुवंश जो होता तोच राहिला.

हीच गोष्ट एका संपूर्ण देशाच्या पातळीवर घडलेली आहे. निकेलचे वावडे हे स्त्रियांत फार आढळणारे वावडे. गंमत अशी की उंदीर आणि गिनीपिगांना निकेल सहजासहजी बाधत नाही, माणसाला बाधते. माणसाच्या एका संवेदक प्रथिनात निकेल नेमके अडकते, हे जर्मन संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. डेन्मार्कमध्ये १९८३ साली जुळ्या बहिणींची पाहणी झाली आणि निकेलच्या वावड्यात अनुवंशाचा वाटा मोठा असल्याचा निष्कर्ष निघाला. २००४ मध्ये त्याच देशात जुळ्यांचीच अधिक काटेकोर पाहणी झाली तेव्हा परिस्थितीचा, म्हणजे कान टोचणे आणि दागिने यांचा, वाटा वरचढ ठरला. मधल्या काळात तेथील सरकारने १९९० च्या सुमारास दागिन्यांतून झिरपणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली होती. त्यानंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये हे वावडे स्पष्टपणे कमी झाले, आणि १९९४ मध्ये युरोपीय संघाने तोच नियम सर्वत्र लागू केला. सिमेंटचेही तसेच. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या आरंभी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून त्यातील घातक क्रोमियम निष्प्रभ केले आणि गवंड्यांच्या हातांचा इसब ओसरला. २००५ पासून संपूर्ण युरोपात सिमेंटमध्ये अशा क्रोमियमची मर्यादा दशलक्षांत दोन भाग एवढीच आहे. दहा-पंधरा वर्षांत त्या लोकांची जनुके बदलली नव्हती, बदलला तो माल.

आपण व्यापारी आहोत, माल आपल्या हातात आहे. ‘सोनारानेच कान टोचावे’ या म्हणीत शब्दशः अर्थानेही शहाणपण आहे: सोन्याच्या तारेने टोचलेला कान आणि बंदुकीसारख्या यंत्राने खोटा खडा ठोकलेला कान यांत निकेलचा फरक असतो. अस्सल कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची असते, तिच्यात क्रोमियम नसते. कारखान्यात क्रोमियमने कमावलेल्या कातड्याविषयी तसे म्हणता येणार नाही. घटक न छापलेली टिकलीची पाकिटे आणि सुटे कुंकू आपणच गल्ल्यावर ठेवतो. घाऊक खरेदी करताना घटकांची छापील यादी मागायला पैसा लागत नाही. पुरवठादार एकदोनदा टाळाटाळ करील, दहा दुकानदारांनी मागितली की देईल.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांच्यासाठी पॅच टेस्ट ही १८९५ मध्ये योसेफ याडासॉन यांनी मांडलेली चाचणी आजही सर्वांत भरवशाची आहे. संशयित पदार्थांच्या लहान पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि त्या दिवशी व पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचन करतात. भारतीय परिस्थितीला साजेसा पदार्थांचा एक ठरावीक संच आहे. त्यात निकेल, क्रोमियम, रबराची रसायने, सुगंध, पॅराबेन आणि अर्थात पुण्याचे गाजर गवतही आहे. पण तुमच्या घरातील कुंकू त्या संचात नाही. म्हणून जाताना डबी, टिकलीची वापरातील आणि जुनी पाकिटे, गंधाची पुडी, क्रीम, केसांचा रंग, दुकानात हाताला लागणाऱ्या वस्तूंची नावे हे सारे बरोबर न्यावे. पाकिटे फेकून नुसता माल डबीत भरून नेऊ नये, कारण छापील मजकुरातून डॉक्टरांना पुष्कळ कळते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे मलम पाठीला लावत असाल किंवा तशा गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगावे, नाहीतर चाचणी खोटी येते. पट्ट्या असेपर्यंत पाठ ओली करता येत नाही आणि घामानेही त्या सुटतात. त्यामुळे चैत्र-वैशाख टाळावा. दिवाळीची गर्दी ओसरून नवी वही सुरू झाली, की मार्गशीर्षातील एखादा आठवडा यासाठी राखून ठेवणे सोयीचे पडते.